उंबराखालची ओल

आबा, तुम्ही पाण्यासारखे होता.

हे माझं म्हणणं नाही. तुमच्या दशक्रियेला घाटावर माइक लावून हे सांगण्यात आलं. "आबा म्हणजे वाहतं पाणी. ज्या भांड्यात गेले त्याचा आकार घेतला," असं आमदार साहेब म्हणाले आणि मांडवातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. तेरा वर्षांत तुम्ही कशाचा आकार घेतल्याचं मला आठवत नाही. पाणी निदान उतार दिसला की निघतं. तुम्ही उतार दिसला की तिथेच बूड टेकून तंबाखू मळायला घ्यायचा आणि म्हणायचा, "आता बोला, शेठ."

साहेबांच्या पाठीमागे कुकडी होती, म्हणजे तिचं पात्र होतं. पाणी सोडायचं आवर्तन संपलं होतं, धरणाचे दरवाजे बंद होते आणि घाटाच्या शेवटच्या पायरीशी एक हिरवट डबकं उरलं होतं. त्यात त्या सकाळी तीन घरच्या माणसांनी आळीपाळीनं आंघोळी उरकल्या. वाहत्या पाण्याचा दाखला त्या डबक्याकडे पाठ करून दिला गेला. शेवटी साहेबांनी जाहीर केलं की आबांच्या मळ्यातल्या जिवंत झऱ्याला आबांच्या स्मरणार्थ दगडी कुंड बांधण्यात येईल.

'जिवंत झरा' हे शब्द कानावर पडताच मी हरकत घ्यायला तोंड उघडलं. सवयीनं. मग डावीकडे पाहिलं, तेही सवयीनं. तिथे तुमच्या जागी तुमचे व्याही बसले होते.

तेव्हापासून माझा गोंधळ चालू आहे. मला दुःख झालं आहे का, तर झालं असावं. पण त्याला बसायला जागा सापडत नाही, कारण आतली सगळी जागा आपल्या भांडणानं अडवून ठेवली आहे. ते भांडण मिटवून तुम्ही जायला हवं होतं, किंवा बरोबर घेऊन तरी.

आपली ओळख पाइपांवरून झाली. तुमच्या टेकडीच्या कमरेवरून नवा कालवा गेला ते साल. तुम्हाला विहिरीचं पाणी वरच्या वावरात न्यायचं होतं. आळेफाट्याला माझ्या दुकानात येऊन तुम्ही म्हणालात, "पावणं, अडीच इंची दाखवा." मी म्हटलं, आम्ही पाहुणे नाही, आमचे पणजोबा राजस्थानातून आले, आता इथली चौथी पिढी आहे. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. "मग बरं हाय, शेठ. आता परत नका जाऊ." पाइप गाडीत चढवताना मी सांगितलं होतं की जोडाला सोल्युशन लावल्यावर पुरता एक दिवस वाळू द्या. तुम्ही त्याच संध्याकाळी मोटर चालू केलीत. हे पुढे लागणार आहे.

दुसऱ्या वर्षी, उंबराखाली जमीन ओली दिसू लागली. मग त्या ओलीतून करंगळीएवढी धार निघाली. तुम्ही खास ते सांगायला आलात. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी तुम्ही थेट गल्ल्याशी येऊन उभे राहिलात.

"शेठ, झरा परत आला."

"परत?"

"माझ्या आज्याच्या टायमाला व्हता. बहात्तरच्या दुष्काळात गेला. आता आला."

"मधली वर्षं कुठे होता?"

"ते त्यालाच इचारा."

मी विचारायला आलो. पाहिलं तर सगळं एका ओळीत होतं. सर्वांत वर भरून वाहणारा कालवा, त्याखाली मुरमाचा उतार, उताराच्या पायथ्याला उंबर, उंबराखाली धार, तिच्यापलीकडे गोठा आणि गोठ्याला लागून तुमचं घर. शाळेत भूगोल नापास झालेल्यालाही कळावं. वरून मुरमात मुरलेलं पाणी खालच्या काळ्या दगडावर अडतं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. मी म्हणालो, "आबा, हा झरा नाही. हा कालव्याचा पाझर आहे."

एवढ्या एका वाक्यावर आपण तेरा वर्षं काढली. आमच्याकडे याहून कमी भांडवलावर दुकान कोणी चालवलेलं नाही.

तुमची बाजू मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण आता मध्ये बोलायला तुम्ही नाही आणि त्याचा फायदा घेतला असं कोणी म्हणायला नको. एक, धरणाचं पाणी शिळं लागतं, याचं लागत नाही. दोन, उंबर आधीपासून तिथे आहे आणि उंबर खाली पाणी असल्याशिवाय उभा राहत नाही. तीन, जनावर. उसाचे फड वाढले, फडात बिबटे राहायला लागले, तेव्हा एका सकाळी तुम्ही मला धारेजवळचे ठसे दाखवायला बोलावून घेतलंत.

"बघा. वर पाट भरून चाललाय, त्यो सोडून हितं पेला. जनावराला कळतं."

"आबा, पाटापर्यंत चढ आहे. जनावर आळशी असतं."

"म्हंजी तुमच्यावानी."

मढच्या डोंगराकडे पाऊस पडतो, येडगावच्या धरणात अडतो आणि आळ्याला त्याची बातमी येते, अशा मुलखात आपण राहतो. त्यात तुमच्या मळ्यात बारमाही धार. तिच्यामागोमाग बेडूक आले, बेडकांमागे ढोकरी बगळे आले, पाणकणसं उगवली, एक खंड्या उंबरावर येऊन मालकासारखा बसू लागला. खालचं अर्धं वावर मात्र पाणी धरून चिबडलं. त्यात ज्वारी पिवळी पडली, मग पेरणंच बंद झालं. तुम्ही त्या वावराच्या बांधावर उभं राहून मला बेडकांचे आवाज ओळखायला शिकवलंत. अर्धं रान गेलेला माणूस इतका खूश कसा, हे मला तेव्हा कळलं नाही. आताही कळलेलं नाही.

मग बाई. माझ्या आईला आम्ही बाई म्हणायचो, तुम्हीही तेच म्हणू लागलात. बाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायची. तेवढ्यानं भागत नाही. फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते त्याच पाण्यानं हलकेच धुऊन, जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे असतात. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. त्या धुतलेल्या पाण्याला जिवाणी म्हणतात. घरात नळ आल्यापासून बाईची पंचाईत झाली होती, कारण नळात परत काही सोडता येत नाही. शेवटच्या वर्षी तिला दुसरं पाणी पचेना. तुमच्या उंबराखालचं पाणी एकदा प्यायली आणि म्हणाली, हे हलकं आहे. मग तुम्ही दर दोन दिवसांनी एम-एटी गाडीवर कळशी बांधून येडगावाहून आळेफाट्याला यायचा आणि जाताना जिवाणीचा तांब्या तोंडाला फडकं बांधून परत न्यायचा. वाटेत कोणी विचारलं तर सांगायचा, "बाईंची लेकरं हायत, घरी सोडाया चाललोय."

एकदा तुम्हाला ताप होता. कळशी तुमच्या मुलानं, सुरेशनं आणून दिली आणि तो पुढे बाजाराला गेला. जिवाणी सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी तुमच्या मळ्यापर्यंत गेलोच नाही. वाटेत कालवा लागतो, तिथे गाडी थांबवून तांब्या उपडा केला. पाणी कालव्याचंच आहे यावर माझा पूर्ण विश्वास होता, शिवाय चार किलोमीटर वाचत होते. संध्याकाळी बाईनं विचारलं, कुठे सोडलीस? मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. जेवली नाही फक्त.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कांबळं पांघरून आलात. बाईनं तुम्हाला सगळं सांगितलं.

"शेठ, लेकरं परगावी सोडली तुमी?"

"आबा, ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"मग ती पाटाची हायत हे तुमाला कसं दिसलं?"

मी पुस्तकं वाचतो, हे तुम्ही चारचौघांत माझ्या तब्येतीची तक्रार सांगावी तसं सांगायचा, पण त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. तुम्ही तांब्या उचललात, तापात कालव्यावर गेलात, मी नेमका कुठे उपडा केला ती जागा मला विचारून घेतलीत, तिथलं पाणी तांब्यात भरलंत आणि उंबराखाली नेऊन सोडलंत. परत येऊन बाईला म्हणालात, "सगळी न्हाई घावली. पर दोन-चार तरी घरला गेली आसतील." बाई जेवली. मी तुमचे आभार मानले नाहीत. मी म्हणालो की अशा रीतीनं तुम्ही स्वतःच कालव्याचं पाणी झऱ्यात मिसळून पुरावा बिघडवला आहे.

हे वाक्य मला परत घ्यायचं आहे. कोणाकडे अर्ज करायचा असतो?

आपण भांडण सोडवायचा प्रयत्नही केला. रंग टाकून पाहू, ही कल्पना माझी. वर कालव्यात रंग टाकायचा, खाली धारेत उतरला तर पाझर, नाही तर झरा. रंग म्हणून गुलाल, कारण मागच्या निवडणुकीतला पोतंभर तुमच्या माळ्यावर पडून होता. तुमचा उमेदवार पडल्यामुळे तो वापरायची वेळ आली नव्हती. आपण दोघं, पन्नाशी उलटलेले, भर सकाळी कालव्याच्या काठावर उभे राहून पाण्यात गुलाल ओततोय, तेवढ्यात कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून आला. तो उतरला. आपल्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"कोण निवडून आलं, आबा?"

"अजून मोजनी चालूय," तुम्ही म्हणालात.

गुलाल दोनशे पावलांत गढूळ पाण्यात नाहीसा झाला. धारेत काही उतरलं नाही. तुम्ही जिंकल्याचं जाहीर केलंत. मी म्हटलं, माती रंग गाळून घेते. "बाईंच्या फडक्यावानी?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं आणि माझा मीच फसलो, कारण माती इतकी गाळत असेल, तर खाली येतं ते पाणी कोणाचं म्हणायचं?

मग कालवा दुरुस्तीसाठी वीस दिवस बंद राहिला. याहून चांगली परीक्षा नव्हती. मी धारेखाली डबा धरून तो किती वेळात भरतो ते रोज पाहत होतो. विसाव्या दिवशीही डबा तेवढ्याच वेळात भरला. तुम्ही नुसती तंबाखू पुढे केलीत, जी मी खात नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणालो, मुरमात साठलेलं पाणी वीस दिवस पुरतं. तुम्ही म्हणालात, "आन् तुमचा हट्ट किती दिस पुरतो?"

एकदा मात्र तुम्ही वेगळंच विचारलंत. तुमच्या थोरल्या बहिणीचं सासर आंबेगावाच्या वरच्या अंगाला होतं. डिंभ्याचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. बहिणीला भेटून येताना आपण दोघं एस.टी.ची वाट पाहत धरणाच्या काठावर बसलो होतो. तुम्ही पाण्यात बोट दाखवून म्हणालात, "आक्काच्या दारची हीर तिकडं व्हती. लई जिती हीर. पार होळीपतुर पानी हलायचं नाय."

मी हूं म्हटलं.

"आता वर धा पुरुस पानी हाय. खाली तिचा झरा चालूच आसंल न्हवं?"

"असेल."

"मग आतलं पानी झऱ्याचं का धरणाचं?"

सांगता येत नाही, म्हणालो. तुम्ही मान डोलावली. तेरा वर्षांत माझं एवढं एकच बोलणं तुम्ही वाद न घालता ऐकून घेतलंत. एस.टी. आली आणि जागेवरून आपलं पुन्हा भांडण झालं.

आता त्या पावसाबद्दल. तो मोठा पाऊस झाला त्या वर्षी भर दुपारी उंबराच्या डावीकडचा उतार सुटला. शिरा परातीत ओतावा तशी माती आली आणि गोठ्याची मागची भिंत घेऊन थांबली. जनावरं रानात होती. एक घमेलं आणि दोन दावी एवढंच गेलं, पण तुमच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडली. त्या भिंतीला लागून तुमचा पलंग. पलीकडच्या खोलीत सुरेश, सूनबाई आणि तुमची नात.

सुरेशनं अर्ज लिहून आणला. कालव्याच्या पाझरामुळे उतार ओला राहतो, घराला धोका आहे, तरी कालव्याला आतून सिमेंटचं अस्तर करावं. जमीन तुमच्या नावावर, म्हणून सही तुमची. मी तिथेच होतो. तुम्ही अर्ज दोनदा वाचलात आणि घडी घालून त्याला परत दिलात.

"म्या झरा म्हनतो आन् सही पाझरावर करू?"

"आबा, भित फाटलीय," सुरेश म्हणाला.

"झऱ्यानं फाटली. झरा काय आस्तरानं थांबतो व्हय?"

मग मी बोललो, आणि बोलायला नको होतं ते बोललो. "आबा, खरंच झरा असेल तर अस्तर केल्यानं त्याचं काही बिघडणार नाही. सही करत नाही, म्हणजे तुम्हालाही आतून माहीत आहे की तो पाझर आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मला न्हाई म्हाईत, शेठ. तुमाला म्हाईत हाय?"

मी 'हो' म्हणालो. इतकं बिनचूक पकडल्याचा आनंद मला घरी पोहोचेपर्यंत पुरला. मी काय म्हणायला हवं होतं, ते आता सांगतो. मी म्हणायला हवं होतं: आबा, झरा असो की पाझर, पलंग त्या भिंतीपासून हलवा. सुरेशला आणि पोरीला पुढच्या खोलीत निजवा. तुम्ही झरा म्हणत होता, मी पाझर. भिंतीच्या दृष्टीनं दोन्हीचा अर्थ एकच होता. एवढी साधी गोष्ट दोन शहाण्या माणसांना सुचली नाही, कारण दोघं पाणी कुठून येतं हे पाहण्यात गुंतले होते आणि ते कुठे चाललं आहे, हे कोणी पाहत नव्हतं. नंतर तुम्ही गेलात ते त्या भिंतीखाली नाही. वरच्या वावरात कांद्याला पाणी धरताना बसलात आणि उठला नाहीत. म्हणून माझी चूक कोणाला दिसली नाही. मला दिसते.

दशक्रियेचं उरलेलं तुम्हाला सांगायला हवं. भाषणं झाली, पिंड ठेवले, कावळा येईना. सुरेशनं हात जोडून म्हटलं, जमीन विकणार नाही. कावळा नाही. नातीला शिकवीन. नाही. झरा राखीन. घाटावरच्या पिंपळावर पाच-सहा कावळे होते, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग मागून पाटकऱ्याचा आवाज आला, "शेठला म्हनावं, कबूल करा." आणि सगळा घाट माझ्याकडे वळला. व्याही म्हणाले, "आवो शेठ, दोन शब्द तर हायत. मेलेल्या मानसाचा जीव आडकलाय." मी पुढे झालो. साठीला आलेला, कावळ्यांवर विश्वास नसलेला मी, पिंडांसमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आबा, झरा."

कावळा आला नाही.

अर्धा तास थांबून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडांना शिवला. त्या दिवशी घाटावर तीन दशक्रिया होत्या आणि कावळ्यांची पोटं भरली होती, हे मला दिसत होतं. तरी घरी येताना एकच विचार होता: तुम्हाला माझी खोटी कबुली चालली नाही. आयुष्यभर हवी होती, आणि मिळाली तेव्हा तुम्ही ती पारखून परत केलीत. हे मी मानत नाही. पण मनातून जात नाही.

तेराव्यानंतर कुंडाचा पाया खणायला घेतला. साहेबांची माणसं दगड घेऊन आली होती. उंबरापासून चार हातांवर पहार लागली ती पाइपाला. अडीच इंची. सुरेशनं माती बाजूला केली. जोडातून पाणी झिरपत होतं, आणि झिरपत झिरपत उंबराच्या मुळांकडे जाण्याची त्याची जुनी, गुळगुळीत झालेली वाट होती. सुरेशनं विहिरीवरची मोटर बंद केली तसं झिरपणं मंदावलं, चालू केली तसं वाढलं. मी खाली बसलो. कालवा वीस दिवस बंद होता तेव्हा तुम्ही कांदा जगवायला सकाळ-संध्याकाळ मोटर चालवत होता, हे मी स्वतः डबा धरून बसलो असताना ऐकलं होतं. तो आवाज मी मोजला नव्हता.

म्हणजे तेरा वर्षं तुम्ही देवाची बाजू घेतली, मी सरकारची, आणि पाइप माझ्या दुकानाचा होता.

सुरेश हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. "आबांना कळलं आसतं तर," म्हणाला. मी म्हटलं, तू त्यांना ओळखत नाहीस. ते म्हणाले असते की झऱ्यानं पाइप फोडला.

त्यानं जोड नवा केला. मी सांगितलं, सोल्युशन लावून पुरता एक दिवस वाळू दे. त्यानं दोन दिवस वाळू दिला. मग धार पाहिली. ती अर्धी झाली होती, आबा. अर्धीच. उरलेली अर्धी कोणाची, हे मला सांगा. कालवा तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसापासून बंद होता. मी पुन्हा डबा घेऊन बसू लागलो. कालवा बंद झाल्याच्या एकतिसाव्या दिवशीही ती उरलेली धार चालू होती. बत्तिसाव्या दिवशी उन्हाळी आवर्तन सुटलं आणि कालवा भरून वाहू लागला. मी डबा घरी आणला.

सुरेश दुकानात आला तो अर्ज घेऊनच. जमीन आता त्याच्या नावावर होईल. "काका, सही करू का? आबा नाय म्हनले व्हते. आता तुमी सांगाल तसं." समोर पावसाळा होता. तुम्ही असता तर मी ताबडतोब उत्तर दिलं असतं. तुम्ही नाही, तर मला तुमची बाजूही सांभाळावी लागली आणि ती माझ्या बाजूपेक्षा जड निघाली.

"आधी मागच्या खोलीतून सगळ्यांना पुढं घे," मी म्हणालो. "आज."

"आन् अर्ज?"

"तो उद्या लिहू."

त्यानं त्याच दिवशी पलंग हलवला. तुमचाही हलवला, रिकामा. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहायला बसलो. तो म्हणाला 'झरा' लिहू, मी म्हणालो 'पाझर' लिही, मग तो म्हणाला पाझर लिहू, आबांना नाही आवडणार पण लिहू, आणि मी म्हणालो नको, झरा असू दे. शेवटी आम्ही लिहिलं: 'उंबराखालची ओल, कारण ठाऊक नाही, घराला धोका आहे.' कचेरीतल्या माणसानं वाचलं आणि विचारलं, नक्की कशाचं पाणी ते लिहा ना. सुरेश म्हणाला, "त्याच्यावर तेरा वर्सं गेली, साहेब." त्यानं शिक्का मारला.

बाईचं गाळायचं फडकं अजून माझ्याकडे आहे. एकदा वाटलं, उंबराखालचं पाणी त्यातून गाळावं आणि फडक्यावर काय राहतं ते पाहावं. मग लक्षात आलं की जे राहील ते परत कुठे सोडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुंड बांधून झालं. काळा दगड, चारी बाजूंना पायऱ्या, वर संगमरवरी पाटी: 'जिवंत झरा', खाली तुमचं नाव, त्याखाली जरा मोठ्या अक्षरात साहेबांचं. उद्घाटन परवा झालं. साहेब बोलले, तुम्ही पुन्हा एकदा पाण्यासारखे होता. कुंड काठोकाठ भरलं होतं, लोकांनी ओंजळीनं पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, व्याह्यांनी बाटली भरून घेतली. उरलेल्या धारेनं ते कुंड भरायला पंधरवडा लागला असता, म्हणून सकाळी टँकर मागवला होता. तो कालव्यावर भरून आणला होता.